डागाळलेले कागद, झिजलेले दगड आणि छायाचित्रांचा शोधन-कुंचला

जुना कागद वाचण्याचें काम आतां बहुधा कागदावर होत नाहीं; छायाचित्रावर होतें. रुमाल सोडून मूळ पत्र उजेडांत धरण्याचा प्रसंग संशोधकास एकदोनदां येतो, आणि पुढें महिनेच्या महिने तो जें वाचीत बसतो तें संगणकाच्या पडद्यावरील चित्र असतें. संग्राहक एकमेकांस जें पाठवितात तेंहि चित्रच. अशा स्थितींत त्या चित्रावर कोणीं काय संस्कार केले आहेत हा प्रश्न मूळ पत्राच्या अस्सलपणाच्या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरतो. पण कागद, शाई, शिक्का, मोर्तब, हस्ताक्षर यांविषयीं काटेकोर चौकशी करणारे आमचे स्नेही चित्राविषयीं मात्र 'स्वच्छ आलें आहे' एवढ्यावर संतुष्ट राहतात. प्रस्तुत लेखांत या संस्कारांपैकीं एकाचाच विचार कर्तव्य आहे. चित्राच्या सबंध पृष्ठावर नव्हे, तर त्याच्या एकाद्याच भागावर उजेड, छायाभेद अगर रंग बदलण्याचें जें साधन सर्व संपादन-सॉफ्टवेअरांत असतें, व ज्यास लाइटरूम या प्रणालींत ॲडजस्टमेंट ब्रश असें नांव आहे, त्यास आम्ही येथें शोधन-कुंचला म्हणूं. उदाहरणें बहुतेक मालवण किनाऱ्याचीं व त्याच्या आसपासचीं घेतलीं आहेत.

हा किनारा घेण्याचें कारण उघड आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षास सरासरीनें ३००० मिलिमीटरांवर पाऊस पडतो. चार महिने घरांतील हवा ओली, आणि समुद्राकडील गांवांत त्या ओलींत मीठहि असतें. देसायांचीं, गांवकऱ्यांचीं, देवस्थानांचीं दप्तरें बहुधा माळ्यावर अगर देव्हाऱ्याजवळच्या पेटाऱ्यांत ठेवलेलीं. एकादें कौल सरकलें कीं पाण्याचा ओघळ रुमालाच्या थरांतून खालपर्यंत उतरतो, आणि पत्रामागून पत्रावर एकाच जागीं, आकारानें थोडथोडा बदलत जाणारा, तपकिरी डाग पडतो. अशा डागाच्या मध्यभागीं कागद फारसा काळवंडत नाहीं. पाणी जेथें सुकत सुकत थांबलें तेथें, म्हणजे डागाच्या कडेस, मळ सांचून गडद रेघ उमटते. ही कडेची रेघ अक्षरांच्या रेघांत मिसळते व वाचकास फार छळते. बुरशीचे ठिपके आणि कसरीनें खाल्लेल्या जागा या निराळ्याच. दगडांकडे पाहिलें तर जांभा सच्छिद्र, आणि त्यावर पाऊस व खारा वारा यांचा मारा अखंड. सारांश, एकाच चित्रांत एक भाग स्पष्ट आणि दुसरा अगदीं अंधुक, ही अडचण येथें नित्याची आहे; आणि शोधन-कुंचला याच अडचणीसाठीं जन्मास आलेला आहे.

त्याची कल्पना मात्र नवी नव्हे. फिल्मच्या काळीं अंधाऱ्या खोलींत चित्र कागदावर उतरवितांना कारागीर दिवा व कागद यांच्या मध्यें हात अगर पुठ्ठ्याचा तुकडा धरून एकादा भाग फिका ठेवीत, आणि भोंक पाडलेल्या पुठ्ठ्यांतून अधिक उजेड सोडून दुसरा भाग गडद करीत. अमेरिकन छायाचित्रकार ॲन्सेल ॲडम्स यांनीं १९४१ त घेतलेल्या 'मूनराइज, हर्नांडेझ' या प्रसिद्ध चित्राच्या प्रती त्यांनीं स्वतःच अनेक वर्षें काढल्या, आणि उत्तरोत्तर प्रतींत आकाश अधिकाधिक काळें होत गेलें. कलावंतास हा अधिकार आहे. दप्तर उतरून घेणाऱ्यास तो आहे काय, हा आपला प्रश्न. संगणकावर हेंच काम २००८ सालीं निघालेल्या लाइटरूमच्या दुसऱ्या आवृत्तीपासून कुंचल्याच्या रूपानें सोपें झालें. आज डार्कटेबलसारख्या फुकट मिळणाऱ्या प्रणालींत आणि स्नॅपसीडसारख्या मोबाइलवरील साधनांतहि तें आहे.

त्याची रचना थोडक्यांत अशी. आपण कुंचला चित्रावर फिरवितों तेव्हां प्रत्यक्षांत रंग फासला जात नाहीं; कोणत्या जागेवर संस्कार व्हावयाचा तेवढें आच्छादन, म्हणजे मास्क, आंखलें जातें. मग त्या आच्छादनाखालील भागाचा उजेड किती वाढवावा अगर उतरवावा, छायाभेद किती करावा, रंग उष्ण करावा कीं शीत, हें निराळ्या पट्ट्यांवर ठरवितां येतें, व पाहिजे तेव्हां पुनः बदलतां येतें. कुंचल्याचे स्वतःचे गुण चार. पहिला आकार. दुसरा कडेची विरळता, म्हणजे मध्यापासून बाहेर परिणाम किती सावकाश ओसरतो तें. तिसरा प्रवाह, म्हणजे एका फिरवणींत किती परिणाम सांचावा. आणि चौथा घनता, म्हणजे कितीहि वेळां फिरविलें तरी परिणाम कोणत्या मर्यादेपलीकडे जाऊं नये. आमच्या कामास मोठा आकार, भरपूर विरळता व कमी प्रवाह हेंच योग्य. बारीक, कठीण कडेचा कुंचला हातीं आला कीं मनुष्य नकळत अक्षरें गिरवूं लागतो. शिवाय आपोआप कड ओळखण्याची एक सोय असते. तींत कुंचल्याच्या मध्याखालीं जो रंग असेल त्याच्याशीं जुळणाऱ्या रंगापुरताच संस्कार मर्यादित राहतो. देखावे टिपणाऱ्यास ती वरदान आहे. जुन्या कागदावर मात्र ती बंद ठेवावी, कारण डागाची कड आणि शाईची कड यांतील भेद तिला कळत नाहीं.

चांगल्या प्रणालींत मूळ चित्रास धक्का लागत नाहीं, फक्त सूचना निराळ्या नोंदल्या जातात. ही गोष्ट फार मोलाची असून तिचा उपयोग पुढें सांगूं. पण एक अट आहे. कॅमेऱ्यानें जें टिपलेंच नाहीं तें कुंचला आणूं शकत नाहीं. सामान्य जेपेग चित्रांत प्रत्येक रंगाच्या उजेडाच्या २५६ पायऱ्या असतात. १४ बिटांच्या रॉ फाइलींत त्या १६,३८४ असतात. अंधाऱ्या भागाचा उजेड चार स्टॉपांनीं वाढविणें म्हणजे तो सोळा पट करणें. त्याबरोबर त्या भागांतील दाणाहि सोळा पट होतो. जेपेगमध्यें तर संपीडनाचे आठ गुणिले आठ बिंदूंचे चौकोन वर येऊं लागतात, आणि मोडीच्या दाट ओळींत अशा चौकोनाची कड एकाद्या काना-मात्रेसारखी दिसण्यास वेळ लागत नाहीं. यास्तव ज्यास पुढें कुंचला वापरावा लागेल असें वाटतें त्यानें चित्र रॉ स्वरूपांतच घ्यावें.

आतां ज्या ठिकाणीं कुंचल्याविषयीं कोणी शंका घेणार नाहीं असें एक उदाहरण देतों. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या प्रवेशद्वारापाशीं तटावर लहान घुमट्यांत चुन्यामध्यें उमटलेले हाताचे व पायाचे ठसे आहेत. ते श्रीशिवछत्रपतींचे म्हणून परंपरेनें पूजिले जातात. घुमटीच्या आंत काळोख, बाहेर समुद्रावरून परतणारें झगझगीत ऊन. आंतला ठसा दिसेल असा उजेड धरला तर बाहेरचा चिरा पांढरा फटफटीत होतो, आणि बाहेरचा सांभाळला तर ठसा अंधारांत बुडतो. येथें रॉ चित्र बाहेरच्या उन्हास जपून घ्यावें आणि मग मोठ्या, विरळ कडेच्या कुंचल्यानें घुमटीच्या आंतील सबंध भाग दीड-दोन स्टॉपांनीं उजळावा. डोळ्यास तेथें उभें राहिल्यावर जें दिसतें तेंच चित्रांत येतें. संस्कार एका संपूर्ण जागेवर आहे, ठशाच्या बोटाबोटांवर नाहीं, हें येथील मर्म होय.

कागदावर आलों कीं प्रकरण नाजूक होतें. पेशवाईंतील पत्रांचा काल बहुधा अरबी संख्यावाचक शब्दांनीं दिलेला असतो हें वाचकांस विदित आहेच. समजा, मालवणाकडील एका पत्रांत 'अर्बा' व 'मया व अलफ' हीं स्पष्ट आहेत, आणि मधल्या दशकवाचक शब्दावर डाग आहे. पहिलें अक्षर 'स' आणि शेवट 'न' एवढें लागतें. तो शब्द 'सितैन' असेल तर सुहूर सन ११६४, म्हणजे इसवी १७६३-६४. तो 'सबैन' असेल तर ११७४, म्हणजे १७७३-७४. फरक मधल्या एका अक्षराचा, पण त्या दहा वर्षांच्या पोटांत काय काय येतें तें पाहावें. १७६५ त मुंबईकर इंग्रजांनीं सिंधुदुर्ग घेऊन त्यास फोर्ट ऑगस्टस असें नांव दिलें, व पुढील वर्षीं करवीरकरांशीं ठराव करून तो परत केला. पुण्यास थोरले माधवराव १७७२ च्या नोव्हेंबरांत वारले आणि नारायणरावांचा खून १७७३ च्या ऑगस्टांत झाला. तेव्हां किल्ल्यावरील शिबंदीविषयीं अगर बंदराच्या जकातीविषयीं त्या पत्रांत जें कांहीं असेल तें इंग्रजी अंमलापूर्वीच्या व्यवस्थेचा पुरावा ठरतें कीं नंतरच्या, हें त्या एका अक्षरावर अवलंबून आहे. आणि त्या अक्षरावरून डागाची गडद कड गेलेली आहे.

अशा वेळीं कुंचला घेण्यापूर्वीं दोन गोष्टी कराव्या. पहिली ही कीं, डोळ्यांनीं जें लागतें तें आधीं कागदावर लिहून ठेवावें, न लागणाऱ्या अक्षरांच्या जागीं ठिपके द्यावे. एकदां 'सितैन' पाहिजे अशी इच्छा मनांत आली कीं कुंचला त्या इच्छेचा दास होतो; आधींचें टिपण हीच त्यावर साक्ष. दुसरी गोष्ट रंगाची. आपल्याकडील जुनी शाई पुष्कळदां काजळाची असते. काजळ सर्व रंगांचा उजेड सारखाच गिळतें. पाण्याचा तपकिरी डाग मात्र तांबडा उजेड बराच परत देतो. म्हणून चित्राचा नुसता तांबडा भाग काळा-पांढरा करून पाहिला तर डाग फिका पडतो आणि शाई काळीच राहते. हा संस्कार सबंध चित्रावर सारखा होतो, त्यांत संपादकाच्या हातास वाव नाहीं, म्हणून तो कुंचल्याहून केव्हांहि अधिक विश्वसनीय. अनेक पत्रें एवढ्यानेंच लागतात. न दिसणाऱ्या अवरक्त उजेडांत हा परिणाम आणखी ठळक होतो. १९९८ त लिलांवांत विकल्या गेलेल्या आर्किमिडीजच्या पुसून पुनः लिहिलेल्या पोथीवर जें प्रदीर्घ काम झालें, त्यांतहि निरनिराळ्या रंगांच्या उजेडांत घेतलेलीं चित्रेंच मुख्य आधार होतीं. परंतु ती सामग्री खासगी संग्राहकाच्या आटोक्यांतील नव्हे; तांबड्या भागाची युक्ति मात्र कोणासहि जमण्यासारखी आहे.

इतकें करूनहि डागाची कड उरली तर कुंचला घ्यावा. डागाच्या कडेवरून, अक्षरांची पर्वा न करतां, कडेच्या रुंदीएवढा मऊ पट्टा फिरवावा आणि उजेड अर्ध्या स्टॉपापेक्षां अधिक वाढवूं नये. अक्षर उजळावयाचें नसून कागद उजळावयाचा आहे, हें मनांत धरावें. त्यानंतर जी चांचणी आम्ही नेहमीं करतों ती सांगतों, कारण ती फुकट आहे आणि तिनें पुष्कळ भ्रम फिटतात. त्याच डागाच्या कडेचा, पण जेथें अक्षर नाहीं असा भाग घ्यावा. दोन ओळींमधील अगर समासांतील जागा बहुधा मिळते. तेथें तोच कुंचला, तींच मापें घालून फिरवावा. त्या कोऱ्या जागेंतहि जर काना, गांठ, वळण यांसारखें कांहीं दिसूं लागलें, तर अक्षराच्या जागीं जें दिसलें तें शाईचें नसून कागदाच्या तंतूंचें अगर मळाचें असण्याचा संभव धरावा व तो पाठ सोडून द्यावा. कोरी जागा कोरी राहिली तर पाठास थोडें बळ आलें. सिद्धि मात्र अजून नाहीं. वरील उदाहरणांत पत्राच्या शेवटीं चंद्राचा अंक, तिथि व वार यांपैकीं दोन जरी असले, तर मोडकांच्या जंत्रीवरून सन ठरतो, आणि मग कुंचल्याची गरजच उरत नाहीं. डोळ्यांवर विसंबण्याआधीं गणितावर विसंबावें असें आमचें मत आहे.

छायाभेद वाढविणाऱ्या ज्या पट्ट्या असतात, विशेषतः क्लॅरिटी नांवाची, त्यांविषयीं दोन शब्द अधिक लिहिणें भाग आहे. ही पट्टी काळ्या रेघेच्या कडेस उजळ झालर निर्माण करून रेघ उठावदार करते. झालर दोन रेघांच्या मध्यें आली तर जुळलेल्या रेघा सुटलेल्या वाटतात. उलट दोन झालरींमध्यें सांपडलेला मळ रेघ होऊन बसतो. मोडींत शिरोरेघ आधीं ओढून ठेवून लेखणी न उचलतां अक्षरें जोडीत जाण्याची चाल असल्यामुळें, एकाद्या बारीक गांठीवर अगर सुटलेल्या टोंकावर अक्षराची ओळख अवलंबून असते. हिशेबाच्या कागदांत तर याहून वाईट घडतें. आपले पाव, अर्धा, पाऊण हे उभ्या रेघांनीं लिहिले जातात: ४। म्हणजे सवाचार, ४॥ म्हणजे साडेचार, ४॥। म्हणजे पावणेपांच. पत्र ज्या घड्यांवर शतकभर मिटलेलें असतें त्यांतील एकादी उभी घडी आंकड्याच्या उजवीकडून गेली, आणि त्या घडीच्या सावलीवर क्लॅरिटीचा कुंचला फिरला, कीं चाराचे सवाचार झालेच म्हणून समजावें. खंडी-मणांचा अगर रुपयांचा ताळेबंद मग शेवटीं जमत नाहीं, आणि आपण कारकुनास दोष देतों.

या ठिकाणीं कुंचल्यापेक्षां चांगला उपाय कॅमेऱ्यापाशींच आहे. त्याच पत्राचें दुसरें चित्र, दिवा उलट बाजूस ठेवून घ्यावें. सावली बाजू बदलते. शाई बदलत नाहीं. दोन्ही चित्रें शेजारीं ठेवलीं कीं घडी आणि पावकी यांचा निवाडा तत्काळ होतो. ज्यांस मूळ पत्र पुनः पाहावयास मिळणार नाहीं त्यांनीं तर पहिल्याच भेटींत प्रत्येक पत्राचीं अशीं दोन चित्रें घेण्याचा नेम ठेवावा.

हाच न्याय दगडांस लावूं. मालवणच्या किनाऱ्यावरील मोरयाचा धोंडा सर्वांस माहीत आहे. १६६४ त किल्ल्याच्या मुहूर्ताचें पूजन येथें झालें असें मानतात. धोंड्यावर गणपति, चंद्र-सूर्य, शिवलिंग इत्यादि आकृति कोरलेल्या आहेत. भर दुपारीं घेतलेल्या चित्रांत त्या जवळजवळ नाहींशा होतात. अशा चित्रावर खोदीव रेघा गडद व मधला दगड फिका करीत कुंचल्यानें आकृति 'काढणारे' लोक आहेत, आणि त्यांचीं चित्रें दिसावयास सुरेख असतात. परंतु तीं छायाचित्रें राहत नाहींत. तीं आपल्या समजुतीचीं रेखाचित्रें होत. रेखाचित्र काढावयाचें असेल तर तें कागदावर निराळें, रेखाचित्र म्हणून काढावें. त्यास आमचा आक्षेप नाहीं. छायाचित्र पाहिजे असेल तर सकाळीं अगर सायंकाळीं, ऊन दगडास घासून जात असतां जावें. अर्थात् भरती-ओहोटीचें वेळापत्रक व सूर्य यांची गांठ पडेपर्यंत थांबावें लागतें, व तेवढा धीर सर्वांस नसतो.

कुडोपी येथील सड्यावरील खोदचित्रांची गोष्ट याहून अवघड. मालवण तालुक्यांतील हें ठिकाण कोंकणांतील इतर खोदचित्रांबरोबर २०२२ त युनेस्कोच्या संभाव्य वारसा-स्थळांच्या यादींत आलें. तेव्हांपासून त्यांचीं चित्रें सर्वत्र फिरूं लागलीं आहेत, हें चांगलेंच आहे. पण जांभ्याचा पृष्ठभाग मुळांतच खडबडीत, भोंकांभोंकांचा. त्यावर शेवाळ, वाळलेलें गवत व काळे-तांबडे पट्टे. नैसर्गिक चीर आणि मनुष्यानें खोदलेली चर यांतील भेद हाच जेथें वादाचा विषय, तेथें चीर कुंचल्यानें ठळक केली म्हणजे वादाचा निकाल परस्पर लावल्यासारखें होतें. येथें आमचें मत स्पष्ट आहे: एकाद्या आकृतीपुरता कुंचला मुळींच वापरूं नये. सबंध चित्रावर सारखा होणारा संस्कार करावा. शैलचित्रांच्या फिक्या रंगांसाठीं जॉन हार्मन यांनीं केलेली डी-स्ट्रेच नांवाची प्रणाली या जातीची असून ती रंगभेद ताणून दाखविते. पण कुडोपीस रंग नसून खोली आहे, सबब तिचा उपयोग शेवाळ व दगड निराळे करण्यापुरता. खोलीसाठीं कॅमेरा स्थिर ठेवून दिवा चोहोंबाजूंनीं फिरवीत पुष्कळ चित्रें घेण्याची पद्धत टॉम माल्झबेंडर यांनीं २००१ त मांडली. रात्रीं दोन मदतनीस व एक चांगली विजेरी असली तर तिचा साधा प्रयोग सड्यावरहि करतां येतो.

ताम्रपटांविषयीं लिहिण्याआधीं एक आठवण देणें उचित होईल. शिलाहार रट्टराज याचा शके ९३० चा ताम्रपट खारेपाटण येथें सांपडला. त्याचें वाचन प्रथम बाळशास्त्री जांभेकर यांनीं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केलें. शास्त्रीबोवांचें जन्मगांव पोंभुर्ले तेथून फार लांब नाहीं. पुढें त्याच ताम्रपटाचें संपादन कीलहॉर्न यांनीं एपिग्राफिया इंडिकाच्या तिसऱ्या खंडांत पुनः केलें. पहिल्या विद्वानाच्या वाचनानंतर दुसऱ्यास पुनः वाचावेंसें वाटतें, आणि वाचतां येतें, तें मूळ अक्षरांचा निर्लेप ठसा हाताशीं असतो म्हणून. ठसा घेण्याच्या जुन्या रीतींतहि कुंचला होताच: ओला कागद अक्षरांवर पसरून राठ केसांच्या कुंचल्यानें ठोकीत अक्षरांच्या खाचेंत बसवावा लागे, व मग वरून शाईची पुडी फिरवीत. अंधुक राहिलेलें अक्षर नंतर शाईनें हातानें भरून काढलें तर ठसा सुबक होई, पण तज्ज्ञांच्या लेखीं तो ठसा गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हातानें उतरलेल्या प्रतींऐवजीं यांत्रिक ठसेच छापण्याचा आग्रह फ्लीट प्रभृति मंडळींनीं धरला. फ्लीटनींच नेरूर व कोचरें या याच जिल्ह्यांतील गांवचे चालुक्यांचे ताम्रपट प्रसिद्ध केले होते.

ताम्रपटाच्या छायाचित्रांत मुख्य अडचण चकाकीची. जेथें दिव्याचें प्रतिबिंब पडतें तेथें चार-दोन अक्षरें पांढऱ्या धब्ब्यांत लुप्त होतात. तेथें कुंचल्यानें उजेड उतरवून अक्षरें परत मिळतील ही आशा कांहीं अंशींच खरी आहे. तिन्ही रंगांचीं मापें कमाल मर्यादेस पोंचलीं असतील तर तेथें माहितीच नाहीं; उजेड उतरविल्यास पांढऱ्याच्या जागीं सपाट राखाडी रंग मिळतो, एवढेंच. एकच रंग पोंचला असेल तर बाकीच्या दोहोंवरून अक्षर अंधुक दिसूं शकतें. कोठें काय झालें आहे हें प्रणाली इशाऱ्याच्या रंगानें दाखविते. तो इशारा चालू ठेवूनच काम करावें. दिव्यासमोर पातळ पांढरें कापड धरून चित्र पुनः घेणें हें बहुतेक वेळां यापेक्षां कमी श्रमाचें असतें.

वरील सर्व विवेचन संस्कार करणाराच्या हातीं सत्ता आहे असें धरून केलें. पण आज मोबाइलवरील कॅमेरे विचारल्यावांचूनच भागाभागानें उजेड सारखा करतात, दाणा पुसतात व कडा तीक्ष्ण करतात. त्यांतील कोणता भाग किती बदलला हें पाहावयास मिळत नाहीं. म्हणून मोबाइलनेंच चित्र घ्यावयाचें तर त्यांतील रॉ पर्याय शोधून काढावा. याहून पुढची पायरी म्हणजे मजकूर स्वतः रचून रिकामी जागा भरणारीं साधनें. फोटोशॉपमध्यें तीं २०२३ त आलीं. फाटलेला कोपरा सांधण्यास तीं इतकीं तत्पर असतात कीं, तेथें मोडीसारखें कांहीं लिहूनहि देतील. त्यांचा, आणि एका जागेचे बिंदू उचलून दुसऱ्या जागीं लावणाऱ्या क्लोन-कुंचल्याचा, ऐतिहासिक कागदाशीं कांहींएक संबंध असूं नये. शोधन-कुंचला असलेल्या बिंदूचें मूल्य बदलतो. हीं साधनें नसलेला बिंदू आणतात.

राहिली नोंदीची गोष्ट. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत, डॉ. सुखटणकरांनीं घालून दिलेल्या पद्धतीप्रमाणें, संपादकास जो पाठ निश्चित वाटला नाहीं त्याखालीं नागमोडी रेघ दिलेली असते. वाचकास संहिता मिळते, आणि ती कोठें डळमळीत आहे हेंहि त्याच ओळींत मिळतें. शोधलेल्या छायाचित्रासहि अशी रेघ पाहिजे, आणि ती आयती तयार आहे. ज्या आच्छादनाखालीं संस्कार झाला तें आच्छादन प्रणाली तांबड्या रंगांत दाखविते. लाइटरूममध्यें 'ओ' ही कळ दाबली कीं तें दिसतें. त्या स्थितींतील पडद्याचें चित्र जपून ठेवावें. अशीं तीन चित्रें एका पत्राच्या नांवें राहावींत: मूळ, शोधलेलें, आणि तांबड्या आच्छादनासहित. प्रकाशनांत जागेच्या अभावीं एकच छापणें असेल तर मूळ छापावें. शोधलेलें छापल्यास त्याखालीं एवढें तरी लिहावें: 'ओळी ४ ते ६, उजवीकडील डागाच्या कडेवर उजेड अर्धा स्टॉप वाढविला आहे, ओळ ५ मधील दशकवाचक शब्द संस्काराशिवाय लागत नाहीं.' ज्या पत्राचें मूळ चित्र मागितल्यावर मिळत नाहीं, त्यावरून काढलेला सन आम्ही आपल्या टिपणांत प्रश्नचिन्हासहित घेतों.

सूचनांची जी निराळी नोंद-फाइल प्रणाली तयार करते ती रॉ फाइलीच्या शेजारींच, त्याच नांवानें असते. चित्रें एका पेटीतून दुसरींत हलवितांना ती मागें राहण्याचा संभव फार. ती गेली कीं कुंचल्याचें काम गेलें, व पुढील मनुष्यास आपण काय केलें होतें हें कळण्याचा मार्गहि गेला. म्हणून दोन्ही नेहमीं बरोबरच हलवावीं. आणि या किनाऱ्यावर ज्या कपाटांत कागद भिजतात त्याच कपाटांत त्या पेट्या ठेवलेल्या असतात, सबब दुसरी प्रत घाटावर कोणापाशीं तरी असावी.